औषधाचं सूत्र तराजूवर कसं सापडलं? दापोडीची बाग, पिंपरीचं पेनिसिलिन आणि हरवलेलं गंधक

पेनिसिलिनच्या एका रेणूत कार्बनचे १६ अणू, हायड्रोजनचे १८, नायट्रोजनचे २, ऑक्सिजनचे ४ आणि गंधकाचा १ अणू असतो. अणू डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. मग हे आकडे कोणी आणि कसे मोजले? आणि ते मोजल्यामुळे तुमच्या-आमच्या औषधात काय फरक पडला? आजचा लेख या दोन प्रश्नांवर आहे. थोडं गणित येईल, पण ते भागाकारापलीकडे जाणार नाही.

दापोडीतली बाग

आज दापोडी म्हटलं की लोकलचं स्टेशन, हॅरिस पूल आणि गर्दी आठवते. पण १८२८ च्या सुमारास इथे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा बंगला होता आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान होतं. १८३८ पासून त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. ते पेशाने डॉक्टर. परदेशातून येणारी औषधं महाग पडत, म्हणून औषधी वनस्पती इथेच लावून त्यांचे अर्क सरकारी दवाखान्यांना पुरवायचे, हे त्यांच्या कामातलं महत्त्वाचं अंग होतं.

त्या काळच्या औषधांची अडचण समजण्यासाठी खुरासानी ओव्याचं उदाहरण घ्या. योग्य मात्रेत पोटातली कळ थांबते, मात्रा जास्त झाली तर माणूस भ्रमात जातो. पण 'योग्य मात्रा' ठरवायची कशी? पाल्याचं वजन करता येई, पण त्यात खरं काम करणारं द्रव्य किती आहे, हे जमीन, ऋतू आणि तोडणीची वेळ यांवर बदलत असे. वजन तेच, पण दोन बाटल्यांची ताकद वेगळी. औषध झाडात होतं, पण ते नक्की काय आणि किती, हे सांगता येत नव्हतं.

जाळा आणि वजन करा

याच काळात जर्मनीतल्या गीसन गावात युस्टुस लीबिग यांनी १८३१ मध्ये एक उपकरण तयार केलं. कल्पना साधी आहे. शुद्ध पदार्थ वजन करून पूर्ण जाळायचा. त्यातला सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइड वायू होऊन बाहेर पडतो आणि सगळा हायड्रोजन पाण्याची वाफ होऊन. ही वाफ आणि वायू वेगवेगळ्या नळ्यांत शोषून घ्यायचे आणि नळ्यांचं वजन किती वाढलं ते पाहायचं. नायट्रोजन आणि गंधक यांची मोजणी वेगळ्या पद्धतीने होते. ऑक्सिजन मात्र बहुधा मोजतच नसत. बाकी सगळं वजा करून जे उरेल तो ऑक्सिजन, असं धरत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सुरुवातीला यासाठी पदार्थ बराच लागे. ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ प्रेग्ल यांनी काही मिलिग्रॅममध्ये हे काम होईल अशी पद्धत बसवली. त्यांना १९२३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. १० मिलिग्रॅम शुद्ध पेनिसिलिन जी जाळलं, तर सुमारे २१.१ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४.९ मिलिग्रॅम पाणी मिळतं. त्यावरून आणि इतर चाचण्यांवरून शेकडा प्रमाण येतं. प्रत्येक प्रमाणाला त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने भागायचं:

- कार्बन ५७.४७ ÷ १२ = ४.७९
- हायड्रोजन ५.४३ ÷ १ = ५.४३
- नायट्रोजन ८.३८ ÷ १४ = ०.६०
- गंधक ९.५९ ÷ ३२ = ०.३०
- ऑक्सिजन (उरलेला) १९.१३ ÷ १६ = १.२०

यातला सगळ्यात लहान आकडा ०.३०. त्याने सगळ्यांना भागलं की १६, १८, २, १ आणि ४ असे आकडे येतात. रेणूचं एकूण वजन वेगळ्या पद्धतीने काढून पाहायचं. तेही जुळलं की सूत्र पक्कं.

गंधक कुठे हरवलं?

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात काय झालं, ते पाहा. १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात असलेल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. तो सुधारू लागला, पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून परत दिलं, तेही संपलं आणि तो दगावला. बुरशीतून थेंबाथेंबाने मिळणारं हे औषध प्रयोगशाळेत बनवता येईल का, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. त्यासाठी आधी सूत्र हवं होतं.

एर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांच्या सुरुवातीच्या सूत्रात गंधक नव्हतंच. नमुना पुरेसा शुद्ध नव्हता आणि त्यात गंधक नाही असं धरलं गेलं होतं. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. गंधकाच्या एका अणूचं वजन ३२, ऑक्सिजनच्या दोन अणूंचं वजनही ३२. गंधक शोधलंच नाही, तर त्याचं वजन आपोआप 'उरलेल्या' ऑक्सिजनच्या खात्यात जमा होतं. एका गंधकाऐवजी दोन ऑक्सिजन जास्त दिसतात आणि बेरीज तरीही बरोबर येते! १९४३ मध्ये गंधक सापडलं, तेव्हा कोडं सुटायला लागलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली. ब्रिटिश आणि अमेरिकन पेनिसिलिन एक नव्हतं. ब्रिटिश पेनिसिलिनमध्ये कार्बन १४ आणि हायड्रोजन २०, अमेरिकन पेनिसिलिनमध्ये कार्बन १६ आणि हायड्रोजन १८. मुख्य सांगाडा तोच, त्याला जोडलेली शेपटी वेगळी. आपण आज इंजेक्शनमध्ये वापरतो ते अमेरिकन, म्हणजे पेनिसिलिन जी.

सूत्र अणूंची संख्या सांगतं, मांडणी सांगत नाही. तेवढ्याच अणूंच्या दोन वेगळ्या मांडण्यांवरून मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांत वाद होता. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन आणि सहकाऱ्यांनी क्षकिरणांनी स्फटिक तपासून निकाल दिला: पेनिसिलिनमध्ये चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. जिवाणू मारण्याचं काम याच कड्यामुळे होतं. जठरातल्या आम्लाने हे कडं सहज तुटतं, म्हणून पेनिसिलिन जी इंजेक्शनने द्यावं लागतं. शेपटीत एकच ऑक्सिजन वाढवला की पेनिसिलिन व्ही होतं. ते आम्लात टिकतं, म्हणून गोळीतून देता येतं.

दापोडीपासून दोन स्टेशनं

स्वातंत्र्याच्या वेळी भारत पेनिसिलिन बाहेरून आणत होता. १९५४ मध्ये, दापोडीपासून लोकलने दोन स्टेशनांवर असलेल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आपण तिला 'एचए' म्हणून ओळखतो. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत केली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं.

सूत्राचा उपयोग इथे दिसतो. शुद्ध पेनिसिलिन हाती येण्याआधी त्याची ताकद फक्त जिवाणूंवर प्रयोग करून 'युनिट'मध्ये मोजत. शुद्ध पदार्थ मिळाल्यावर १९४४ मध्ये युनिटला वजन मिळालं: एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम सोडियम पेनिसिलिन जी. म्हणजे १० लाख युनिटचं इंजेक्शन म्हणजे ६०० मिलिग्रॅम. ऑक्सफर्ड असो की पिंपरी, माप एकच. दापोडीच्या बागेतल्या अर्काला हे भाग्य नव्हतं.

याच पिंपरीच्या मातीतून एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीजन्य आजारांवरचं हॅमायसिन शोधलं. १९६१ मध्ये ते जगासमोर आलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' आहे! पण हॅमायसिनचा रेणू पेनिसिलिनपेक्षा कितीतरी मोठा. इतक्या मोठ्या रेणूत एखाद-दुसरा हायड्रोजन कमी-जास्त झाला, तरी शेकडा प्रमाण जवळजवळ हलत नाही. तिथे जाळून वजन करणं एकटं पुरत नाही, इतर तपासण्यांची जोड लागते.

यातून तुमच्यासाठी काय?

१. स्ट्रिपवरची बारीक ओळ. अमोक्सिसिलिनच्या कॅप्सूलवर 'अमोक्सिसिलिन ट्रायहायड्रेट, ५०० मिलिग्रॅम अमोक्सिसिलिनइतकं' अशा अर्थाची ओळ असते. स्फटिकात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे तीन रेणू असतात. म्हणून आत सुमारे ५७४ मिलिग्रॅम भुकटी भरतात. त्यातलं ७४ पाणी, ५०० औषध.

२. ब्रँड बदलला तर. आधी स्ट्रिपवरचं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा पाहा. ती दोन्ही तीच असतील, तर रेणू तोच आहे.

३. सल्फा आणि पेनिसिलिन. 'मला सल्फाची ॲलर्जी आहे, पेनिसिलिनमध्येही गंधक आहे, मग चालेल का?' असं काही जण विचारतात. गंधक दोन्हींत आहे, पण मांडणी अगदी वेगळी. सल्फाची ॲलर्जी म्हणजे पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हे.

४. पेनिसिलिनची ॲलर्जी. इथे उलट आहे. अमोक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिन यांचा सांगाडा पेनिसिलिनचाच. नाव वेगळं म्हणून गप्प राहू नका. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल किंवा चेहरा सुजला असेल, तर प्रत्येक डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. शक्य असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

५. बारा लाखांचं इंजेक्शन. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना बेंझाथिन पेनिसिलिन ठरावीक आठवड्यांनी द्यावं लागतं. तेच पेनिसिलिन जी, पण हळूहळू विरघळणाऱ्या रूपात. त्याचा परिणाम ठरावीक दिवसच टिकतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' या कारणाने तारीख चुकवू नका.