परदेशी उत्पादन आणि गिरणीगावातील छोटा दुकानदार : कॅनापोलिसचा इतिहास

प्रास्ताविक

उत्पादन परदेशी सोपविण्याच्या प्रथेची चर्चा बहुधा कारखानदार आणि कामगार या दोन पक्षांपुरती होते. कामगाराच्या वेतनावर जगणारा किराणा दुकानदार, न्हावी वा उपाहारगृहवाला इतिहासलेखनात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅनापोलिस या गिरणीगावाच्या आधारे या तिसऱ्या घटकाचा विचार केला आहे.

गिरणीमालकाचा बाजार

जेम्स विल्यम कॅनन यांनी १८८७ मध्ये काँकर्ड येथे गिरणी स्थापन केली आणि १९०६ मध्ये नजीकची शेतजमीन खरेदी करून कॅनापोलिस वसविण्यास प्रारंभ केला. टॉवेल आणि चादरी ही या गावाची ओळख ठरली. कामगारांची घरे कंपनीने बांधली, हे गिरणीगावांच्या बाबतीत नवे नाही. येथे मुख्य बाजारपेठेतील इमारतीही कंपनीच्याच होत्या. त्यांना जुन्या वसाहतकालीन शैलीचे रूप देण्याचे काम चार्ल्स कॅनन यांच्या कारकिर्दीत झाले. १९८४ पर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकाही नव्हती.

या व्यवस्थेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. गिऱ्हाइकाचे वेतन आणि दुकानाचे भाडे ही दोन्ही सूत्रे एकाच हाती होती. बरे दिवस होते तोवर दुकानदाराला ते सोयीचेच होते; परंतु पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करूनही पायाखालची जागा त्याच्या मालकीची झाली नाही. संकटकाळी विकण्यास वा गहाण ठेवण्यास त्याच्याजवळ उरला तो केवळ दुकानातील माल आणि उधारीची वही. १९८२ मध्ये डेव्हिड मर्डॉक यांनी कंपनी विकत घेतली. पुढे त्यांनी गिरणी फील्डक्रेस्ट कंपनीला विकली, मात्र बाजारातील बरीचशी मालमत्ता स्वतःकडे ठेवली. गिरणी आणि बाजार यांचे मालक प्रथमच वेगळे झाले. दुकानदार मात्र दोघांवरही अवलंबून राहिला.

३० जुलै २००३

१९९७ मध्ये पिलोटेक्स कंपनीने फील्डक्रेस्ट कॅनन विकत घेतली. या खरेदीचे कर्ज आणि स्वस्त आयात यांच्या कात्रीत सापडून ती २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. २००२ मध्ये ती सावरली. पण ३० जुलै २००३ रोजी कायमची बंद पडली. साडेसात हजारांहून अधिक लोकांचे काम गेले, त्यांपैकी सुमारे ४,८०० नॉर्थ कॅरोलायनातील होते. सगळा दोष आयातीच्या माथी मारणे सोपे आहे, पण कर्जाचा वाटा नाकारता येत नाही. ‘कॅनन’ हे नाव मात्र विकले गेले आणि टिकले. त्या नावाचे टॉवेल पुढे परदेशातून येऊ लागले. १ जानेवारी २००५ रोजी कापडावरील आयात-कोटे संपल्यावर चीन, भारत आणि पाकिस्तान यांना ही बाजारपेठ अधिक मोकळी झाली. आपल्या टॉवेल-निर्यातीचे कौतुक करताना तिची ही दुसरी बाजू सहसा आपल्या नजरेस येत नाही.

कायद्याची मोजणी

आयातीमुळे काम गमावलेल्यांना साहाय्य देण्याची तरतूद अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने झाली व १९७४ मध्ये ती सैल करण्यात आली. २००२ मध्ये बाधित कारखान्याला सुटे भाग वा कच्चा माल पुरविणाऱ्यांचे कामगारही तीत आले. परंतु गिरणीच्या दारापुढे जेवण देणारी बाई या साखळीत कोठेच बसत नव्हती. तिचे नुकसान आयातीने नव्हे, गिऱ्हाईक न आल्याने झाले, असा कायद्याचा तर्क होता. तो आकलनास सोपा असला तरी वस्तुस्थितीस धरून नव्हता. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांच्या २०१३ च्या अभ्यासात चिनी आयातीची झळ बसलेल्या भागांत कारखान्यांबाहेरील वेतनेही घटल्याचे दिसून आले. १ जुलै २०२२ पासून तर या योजनेखाली नव्या अर्जांना मंजुरी देणेच थांबले.

गिरणीच्या इमारती पाडून त्या जागी संशोधन-संकुल उभे राहिले. ते २००८ मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये नगरपालिकेने बाजारपेठेतील मालमत्ता ८७.५ लाख डॉलरना खरेदी केली. तोवर तग धरून राहिलेल्या दुकानदारांना नवा घरमालक मिळाला. मधल्या बारा वर्षांत ज्यांनी दुकानाला कुलूप लावले, त्यांची नोंद साहाय्याच्या त्या यादीत नाही.