मऊ जेलला धाग्यांचा आधार

गुडघा दुखू लागला, की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "वंगण संपलं." खरे तर तिथे झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते, की ही कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात.

मग ती शरीराबाहेर वाढवून आत बसवता येईल का? हा प्रश्न सोपा वाटतो, पण कूर्चेच्या पेशी मोठ्या लहरी. सपाट बशीत वाढवल्या तर त्या पसरतात आणि आपले मूळ काम विसरतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शेफर या संशोधकांनी सशाच्या अशा 'विसराळू' पेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या आणि त्या पुन्हा कूर्चेच्या पेशींसारख्या वागू लागल्या. हे अ‍ॅगरोज समुद्रातल्या शेवाळापासून मिळते. आपण ज्या चायना ग्रासने पुडिंग घट्ट करतो, त्याचाच तो एक घटक. लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले भरपूर पाणी, यालाच हायड्रोजेल म्हणतात.

पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी शाईच्या साध्या प्रिंटरमधून शाईऐवजी जिवंत पेशी छापून दाखवल्या. आता पेशी मिसळलेल्या जेलचे थर एकावर एक देऊन हवा तो अवयव घडवता येईल, अशी आशा निर्माण झाली.

इथे खरी अडचण पुढे आली. जिलेटिनसारखे मऊ जेल पेशींना मानवते, पण दाब पडला की ते फाटते. ते दाट केले तर मजबूत होते, पण मग पेशींना पसरायला जागा उरत नाही आणि अन्नरसही नीट पोहोचत नाही. एक सांधावे तर दुसरे तुटते!

यातून वाट कशी काढावी? सह्याद्रीच्या खेड्यांत कारवीचा कूड उभारून त्यावर शेणमाती लिंपतात. नुसता कूड वाऱ्याला अडवत नाही, नुसती माती उभी राहत नाही. दोन्ही मिळून भिंत होते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह नेमके याच धर्तीचे काम प्रसिद्ध केले. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म धागे छापून त्यांनी विरळ जाळी केली आणि तिच्यात जिलेटिनचे जेल भरले. जेल दाबले की ते बाजूंना पसरू पाहते, धागे ताणले जातात आणि त्याला धरून ठेवतात. या जोडीचा ताठपणा ५४ पटींपर्यंत वाढला, तरीही त्यातल्या पेशी जिवंत राहिल्या.

मला यात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे, की आपली मूळ कूर्चाही अशीच बांधलेली असते. पाणी शोषून फुगणारा मऊ पदार्थ आणि त्याला आवळून धरणारे कोलॅजनचे धागे! जेल कडक करण्याच्या खटपटीपेक्षा ते बांधून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट संस्थेने अशाच आधारावर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा छापली आणि ती उंदरांच्या त्वचेखाली ठेवून वाढवून पाहिली.

मात्र गुडघ्याचा भार कानावर पडत नाही. चालताना गुडघा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब सोसतो. शिवाय धागे विरघळून जाण्याआधी पेशींनी स्वतःचे कोलॅजन विणून तयार ठेवले पाहिजे. घाई झाली तर आधार जातो, उशीर झाला तर परकी वस्तू आत रेंगाळते. हा मेळ अजून पुरता जमलेला नाही. म्हणून 'छापील गुडघा' मिळेल असे कोणी सांगितले, तर आज तरी विश्वास ठेवू नका. असलेली कूर्चा जपणे, हाच तूर्त शहाणपणाचा मार्ग आहे.