काउत्शुक (चित्रपट)

‘काउत्शुक’ (अर्थ : रबर) हा एडुआर्ड फॉन बोर्सोडी यांनी दिग्दर्शित केलेला, ‘उफा’ कंपनीचा १९३८ सालचा जर्मन साहसपट. रेने डेल्टगेन, गुस्ताफ डीस्ल आणि फेरा फॉन लांगेन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कथा १८७६ सालच्या ब्राझीलमधली. रबरावर त्या देशाची मक्तेदारी आहे आणि झाडाच्या बिया बाहेर नेणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे. हेन्री विकहॅम हा इंग्रज फुलपाखरांचा अभ्यासक असल्याचे भासवून अरण्यात शिरतो आणि रबरसम्राट डॉन आलोन्झोला चकवून बिया पळवतो. चित्रपट गाजला तो ॲमेझॉनच्या खऱ्याखुऱ्या दृश्यांमुळे. ओट्टो शुल्त्स-काम्पफहेंकेल याच्या जारी नदीवरील मोहिमेत (१९३५–३७) टिपलेले चित्रण त्यात वापरलेले आहे. त्या काळच्या बहुतेक अरण्यपटांची झाडी स्टुडिओतच उगवत असे, हे लक्षात घेता या दृश्यांचे मोल मोठे आहे. पण ‘काउत्शुक’चा विचार करताना नेमके इथेच थांबून पाहायला हवे : अरण्य अस्सल आहे म्हणून त्यात घडणारी गोष्टही अस्सल वाटते, आणि ती तशी नाही.

खऱ्या विकहॅमने तापाजोस नदीच्या परिसरातून सुमारे ७०,००० बिया जमवल्या. त्या नेण्यास मनाई करणारा कायदा तेव्हा ब्राझीलमध्ये नव्हता. मृत्युदंड तर दूरच. बेलेम बंदरात, क्यू येथील राजउद्यानासाठी नेले जाणारे नाजूक वनस्पतींचे नमुने, असे सांगून त्याने माल सोडवला. त्याची खरी झुंज होती ती काळाशी. या बिया एरंडीसारख्या ठिपकेदार, पण बऱ्याच मोठ्या आणि तेलकट असतात. काही आठवड्यांतच त्यांची उगवणशक्ती जाते. म्हणून रानकेळीच्या वाळलेल्या पानांचे थर देऊन, हवा खेळती राहील अशा करंड्यांत त्या ठेवल्या गेल्या. क्यूमध्ये सुमारे २,७०० बिया रुजल्या आणि बहुतेक रोपे सिलोनला रवाना झाली. आशियातल्या रबरमळ्यांचा वंश बहुतांशी याच रोपांपर्यंत पोचतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात जंगलाच्या जागी उभ्या राहिलेल्या लागवडीचाही. करंड्या, पाने आणि ओलावा यांचे हे नाट्य पडद्यावर कमी रोमहर्षक ठरले नसते. त्याऐवजी निवड झाली ती पाठलागाची आणि फाशीच्या धाकाची.

कथापटाने इतिहासाशी एवढी सूट घेतली तर बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. खुद्द विकहॅमनेही पुढे आपली हकिगत तिखटमीठ लावून सांगितली होती. ते खरे आहे. पण एका माणसाची बढाई वेगळी आणि १९३७ पासून प्रत्यक्षात सरकारच्या मालकीच्या झालेल्या कंपनीची निर्मिती वेगळी. १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेनुसार जर्मनी कच्च्या मालाच्या परावलंबनातून सुटू पाहत होता. कृत्रिम रबरासाठी श्कोपाऊला कारखाना उभा राहत होता. अशा वेळी ब्राझीलचा काल्पनिक निर्बंध म्हणजे निव्वळ हावरटपणा आणि तो मोडणारा शूर, ही मांडणी निरुपद्रवी राहत नाही. नायक इंग्रज आहे, मग हा नाझी प्रचार कसा, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चित्रपटात जर्मनीचा जयजयकार नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र इथे प्रश्न नायकाच्या राष्ट्रीयत्वाचा नाही, हक्काचा आहे : ज्याला गरज आहे आणि जो धाडसी आहे, त्याने दुसऱ्याच्या भूमीतून हवे ते उचलावे. हे तत्त्व इंग्रजाच्या तोंडी घातले की त्यावर साम्राज्याच्या यशाचा दाखलाही आपोआप मिळतो. जारीकाठचे अपराई लोक मात्र या हिशेबात कुठेच नाहीत. मोहीम तगली ती त्यांच्या मदतीवर. चित्रपटात कथा पुढे नेणारे एकही पात्र त्यांच्यातले नाही. आणि ज्याच्या मोहिमेने हे अस्सल अरण्य पुरवले, त्या शुल्त्स-काम्पफहेंकेलने पुढे महायुद्धाच्या काळात गयाना ताब्यात घेण्याची योजना हिमलरपुढे ठेवली.