लपंडाव खेळणारा ठिपका

कोंबडीच्या अंड्यात तीन दिवसांनी रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. विल्यम हार्वेने कवच काढलेलं अंडं कोमट पाण्यात ठेवून तोच ठिपका पाहिला. आकुंचन पावला की दिसेनासा, सैलावला की सुईच्या टोकाएवढा लाल. हार्वेचं हे पुस्तक १६२८ सालचं.

पण फोडलेलं अंडं दुसऱ्या दिवशी पाहायला उरायचं नाही. म्हणजे एक अंडं, एक फ्रेम. वाढीची गोष्ट वेगवेगळ्या अंड्यांतून जुळवायची.

ही अडचण सोडवली झेब्राफिशने. मासा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, पण प्रयोगशाळेत त्याला मान मिळवून दिला अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. गर्भ काचेसारखा पारदर्शक, आईच्या पोटाबाहेर वाढणारा. साधारण दिवसभरात हृदय चालू!

आता अडचण उलटी झाली. हृदय दिसतं, पण एका जागी राहत नाही. मग थांबवून फोटो काढावा? २००३ मध्ये कॅलटेकच्या गटाने गर्भाच्या हृदयाच्या तोंडाशी काचेचा सूक्ष्म मणी अडकवून रक्ताचा प्रवाह रोखला. हृदयाला पडणारी वळी कमी पडली, झडपाही धड झाल्या नाहीत. वाहतं रक्तच हृदयाला घडवत होतं. बांधकाम आणि वापर एकाच वेळी. म्हणजे बराच वेळ थांबवून ठेवलेलं हृदय हे ते हृदयच नव्हे.

पुढचा भाग माझ्या आवडीचा, कारण तो सॉफ्टवेअरचा आहे. २००५ मध्ये तिथल्याच मायकेल लिबलिंग आणि सहकाऱ्यांनी हृदय थांबवलंच नाही. प्रत्येक खोलीवर काही ठोक्यांची फिल्म घेतली. प्रत्येक फिल्म ठोक्याच्या वेगळ्याच क्षणी सुरू झालेली. मग शेजारच्या दोन थरांतली चित्रं जुळेपर्यंत प्रोग्रामने त्या काळात मागेपुढे सरकवल्या. घड्याळं न जुळणाऱ्या सर्व्हरांचे लॉग एकत्र लावताना आपण हेच करतो. इथे मात्र त्यातून अख्खं धडधडणारं हृदय उभं राहिलं.

तरी पहिला ठोका कुणी टिपला नव्हता. तो २०२३ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी टिपला, पेशीतलं कॅल्शियम वाढलं की चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने. ठोके हळूहळू सुरू झाले नाहीत, एकदम आले. दोन ठोक्यांमधलं अंतर अनियमित, पण लहर मात्र अख्ख्या हृदयभर एकसंध. आणि ती निघाली कुठून? प्रत्येक माशात वेगळ्या जागेवरून.