बोनस की बक्षिसी?

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना अमुक हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर. बोलताना सगळे त्याला बोनसच म्हणतात, पण कागदावरचा शब्द बघा. सानुग्रह, म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "अहो, कृपेने दिलेल्या पैशावर टॅक्स कसला?"

उत्तर सोपं आहे. मालकाने नोकरीपायी दिलेली रोख रक्कम, तिला नाव काहीही द्या, पगारातच धरतात. 1922 च्या आयकर कायद्यात हेच होतं, 1961 च्या कायद्यात हेच आणि 2025 च्या नव्या कायद्यातही हेच. पण 'भेट' या शब्दाने आपल्याकडे काय काय घडवलं, ती गोष्ट मला या उत्तराहून मोठी वाटते.

1917 साली महायुद्धाच्या महागाईत मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर 10 टक्के 'वॉर बोनस' दिला. युद्ध संपलं, गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि वर्षाकाठी वेगळा बोनसही मिळू लागला. चाळीतल्या माणसाने त्यावर उधाऱ्या ठरवल्या, गावी पाठवायचे पैसे ठरवले. 1923 मध्ये तेजी ओसरली तेव्हा मालकांनी कळवलं, यंदा बोनस नाही. जानेवारी 1924 मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समिती म्हणाली, बोनसवर कामगारांचा हक्क रूढीने नाही, कायद्याने नाही आणि न्यायबुद्धीनेही नाही. थोडक्यात, मालकाची मर्जी. मार्चमध्ये माणसं हात हलवत कामावर परतली.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). दोनच वर्षांपूर्वीच्या आयकर कायद्याने पगाराबरोबर मिळणारा असा जादा पैसा उत्पन्नात धरला होता. कामगाराला कर नव्हता, कारण करपात्र उत्पन्न वर्षाला 2000 रुपयांपासून सुरू व्हायचं आणि तो त्याच्या जवळपासही नव्हता. पण वरच्या साहेबाला बोनस मिळाला तर ती कमाई, आणि कामगाराने मागितला तर ते दान!

दुसरी गोष्ट भावनगरची. संस्थानाचे दिवाण अनंतराय पट्टणी 1948 मध्ये पदावरून उतरले, त्यांना पेन्शन मिळालं. 1950 मध्ये महाराजांनी त्यांना आणखी पाच लाख रुपये दिले. आयकर खातं म्हणालं, हा सेवेचा मोबदला, कर भरा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1961 मध्ये निकाल लागला : ही आपुलकीने दिलेली वैयक्तिक भेट, कर नाही.

निकाल कायद्याने चुकला असं मला वाटत नाही. नोकरी संपलेली, सेवेबद्दल पेन्शन दिलेलं. पैसा नोकरीमुळे आला की माणसावरच्या लोभामुळे, हीच कसोटी असते. पण मॅक्लिऑड समितीचा निष्कर्ष याच्या शेजारी ठेवला की चैन पडत नाही. 'भेट' हा शब्द लागला म्हणून एकाचे पाच लाख अख्खे राहिले, आणि तोच शब्द लागला म्हणून दीड लाख माणसांची दिवाळी गेली.

कामगारांच्या बाजूने हा शब्द पुसला जायला 1950 उजाडलं. गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की नफा भांडवल आणि श्रम दोघांचा, तेव्हा ठरावीक वजावटींनंतर उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे. 1965 मध्ये कायदा झाला : किमान 4 टक्के, कमाल 20. किमान आकडा पुढे 8.33 झाला, आणीबाणीत खाली आणला, 1977 मध्ये परत चढवला. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, बरोब्बर एका महिन्याचा पगार. (तेराव्या पगाराची जी गोष्ट दर दिवाळीत फॉरवर्ड होते, तिच्यात 1924 चा संप कुठेच नसतो.)

आणि मिठाईचा खोका? 1961 च्या कायद्याखालच्या नियमांत वर्षाला पाच हजारांच्या आतल्या वस्तुरूप भेटीला सूट होती. पाकिटात मात्र शंभराची नोट घातली तरी ती पगार.