न आलेले निमंत्रण

सेमिनरीत आम्ही चर्चचा इतिहास शिकलो, तो विश्वपरिषदांचा, पाखंडांचा आणि पोपमहोदयांच्या परिपत्रकांचा. मैदानावर घडलेला इतिहास आम्हांला कोणी शिकविला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही. पुढे धर्मग्रामांत काम करताना, तरुणांच्या सामन्यांत शिट्टी घेऊन उभे राहताना उमगले की, प्रवचनात झाकलेला माणूस मैदानावर चटकन उघडा पडतो. म्हणूनच अमेरिकेतील एका येशूसंघीय विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. १९५१ साली हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. तरीही मोसमाच्या अखेरीस त्याला कोणी बोलाविले नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपली मुले खेळतात तो फुटबॉल नव्हे. तेथे अंडाकृती चेंडू हातांत घेऊन अथवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे न्यावयाचा असतो आणि अकरा जणांनी अकरा जणांना अंगाच्या बळाने अडवावयाचे असते. आज महाविद्यालयीन संघांना विजेतेपदासाठी बाद फेरी खेळावी लागते. २०२४ च्या मोसमापासून तीत बारा संघ घेतले जाऊ लागले. १९५१ मध्ये अशी फेरी नव्हती. मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास काही शहरांत ‘बाऊल’ नावाचे मानाचे सामने होत आणि कोणाला बोलवावयाचे हे बहुधा त्या त्या आयोजक समितीच्या मर्जीवर असे. मायामीचा ऑरेंज बाऊल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल हे त्यांतले अग्रगण्य. निमंत्रण म्हणजे कीर्ती, आणि संस्थेच्या तिजोरीत भर. पण ही शहरे दक्षिणेकडची होती. तेथे शाळा, उपाहारगृहे, बसमधील आसने, सारे काही कायद्यानेच गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची स्थापना येशूसंघीयांनी १८५५ साली केली. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली ज्या संघाने उभारले, त्याच संघाचे हे काम. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत संस्थेच्या इमारती नष्ट झाल्या, तरी ती पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शिकावयास येणाऱ्यांत कामगारांची, स्थलांतरितांची, सैन्यातून परतलेल्यांची मुले पुष्कळ होती. तेथल्या संघाला ‘डॉन्स’ म्हणत. त्याचे प्रशिक्षक जो कुहारिच हे स्वतः नोत्र दाम या कॅथोलिक विद्यापीठाकडून खेळलेले, शिस्तीचे कडक. मोसमापूर्वी कॉर्निंग नावाच्या गावी भर उन्हात त्यांनी मुलांकडून जी मेहनत करून घेतली, तिच्या आठवणी ती मुले म्हातारपणीही काढीत.

या संघात जिनो मार्चेट्टी होता, इटलीतून आलेल्या आईबापांचा मुलगा, जर्मनीत लढून आलेला. सॅन फ्रान्सिस्कोतच वाढलेला उंचापुरा बॉब सेंट क्लेअर होता. आणि दोन कृष्णवर्णीय तरुण होते : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्सासचा, टोलरचा मेम्फिसचा. दोघेही वर्णभेदाच्या प्रदेशात जन्मलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातून ते दोघे मिळूनच येशूसंघीयांकडे आले. संघाची प्रसिद्धी पाहणारा तरुण होता पीट रोझेल. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९५१ च्या मोसमात या संघाला हरविणारा कोणी भेटला नाही. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅम या दुसऱ्या येशूसंघीय विद्यापीठाला ३२–२६ असे नमविले; त्या सामन्यात मॅटसनने प्रतिपक्षाने मारलेला प्रारंभीचा चेंडू झेलून दोनदा मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली. नोव्हेंबरात स्टॉक्टन येथे पॅसिफिक महाविद्यालयाला ४७–१४ आणि शेवटी लोयोलाला २०–२ असे हरवून त्यांनी मोसम पुरा केला. नऊ सामन्यांत मॅटसनने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड अंतर कापले आणि २१ टचडाऊन केले. त्या वर्षी देशात त्याच्याइतके कोणी धावले नाही. तरीही हाइजमन या सर्वोच्च पारितोषिकाच्या मतदानात तो नववा आला. राष्ट्रीय क्रमवारीत संघाला चौदावे स्थान मिळाले.

पॅसिफिकवरील विजयानंतर बाऊलचे निमंत्रण येणार अशी सर्वांचीच अपेक्षा होती. ते आले नाही. संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असे कारण उघडपणे पुढे केले गेले. खरे कारण खेळाडूंना ठाऊक होते आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ते एकमुखाने सांगितले. मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या, मग तुम्हांला ऑरेंज बाऊलचे दार उघडे आहे, असा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. अशा अटी कोणी सही-शिक्क्यानिशी लिहीत नाही. त्या कानाशी लागून सांगितल्या जातात. मुलांनी मतदान घेतले नाही की सभा भरविली नाही. जायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही, एवढेच त्यांचे उत्तर होते. १९५२ च्या नववर्षदिनी ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर हे संघ खेळले. सॅन फ्रान्सिस्कोची मुले घरीच होती.

अशी अट घातली जाण्याची ही पहिलीच वेळ नव्हती आणि ती नाकारणारेही हे पहिलेच नव्हते. १९४६ साली पेन स्टेट विद्यापीठाचा मायामी येथील सामना याच कारणाने रद्द झाला होता. आपल्या कृष्णवर्णीय सोबत्यांना मागे ठेवून जाण्यापेक्षा त्या संघाने न जाणेच पसंत केले. १९४८ च्या नववर्षदिनी त्यांतलेच दोघे कृष्णवर्णीय खेळाडू डॅलस येथे कॉटन बाऊलमध्ये खेळले. म्हणजे दार अगदीच न उघडणारे नव्हते. ते ढकलावे मात्र लागत होते. १९५६ च्या शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर उतरला, तेव्हाही त्याला खेळू देऊ नये म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी आकाशपाताळ एक केले होते.

येथे वाचकांना वाटेल की, आता या मुलांच्या त्यागाचे चीज झाले असे आम्ही सांगणार. प्रवचनात तसे सांगणे सोपे. इतिहासात तसे घडले नाही. मोसम संपला आणि खर्च झेपत नाही म्हणून विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. बाऊलचे उत्पन्न मिळाले असते तर संघ वाचला असता, असे पुष्कळांना वाटत राहिले. आम्हांला त्याची खात्री नाही. त्या वर्षांत सेंट मेरीज, लोयोला आणि सांता क्लारा या कॅलिफोर्नियातील कॅथोलिक महाविद्यालयांचे संघही खर्चापायीच एकामागून एक मिटले. पण डिसेंबरच्या त्या दिवसांत हा हिशेब कोणाला ठाऊक होता? मुलांनी नकार दिला तो संघ जाईल ही भीती डोळ्यांसमोर असताना, आणि संघ गेलाही.

माणसे मात्र उरली. त्या संघातील नऊ जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. मॅटसन आणि मार्चेट्टी यांना १९७२ साली आणि सेंट क्लेअर यांना १९९० साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्य पदक मिळविले. टोलरचे नशीब वेगळे. १९५२ च्या उन्हाळ्यात एका सामन्यात त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला. तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेचा मुख्याध्यापक. १९६५ साली व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला सामनाधिकारी नेमले. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्या वेळी संघटनेच्या प्रमुखपदी कोण होते? एके काळी डॉन्सची प्रसिद्धी पाहणारे पीट रोझेल. १९८० साली टोलर सुपर बाऊल या अंतिम सामन्यातही अधिकारी म्हणून उभे राहिले. ज्यांना एका सामन्यात खेळू दिले गेले नव्हते, ते आता सर्वांत मोठ्या सामन्यात नियम सांभाळीत होते.

विद्यापीठाला या मुलांचे ऋण उमगावयास वेळ लागला. २००६ साली हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट देण्यात आली. २०१७ साली तेथील एका वसतिगृहाला बर्ल टोलर यांचे नाव मिळाले. त्या इमारतीला पूर्वी जेम्स फेलन यांचे नाव होते. हे गृहस्थ याच संस्थेचे माजी विद्यार्थी, शहराचे महापौर आणि पुढे सिनेटर. १९२० च्या निवडणुकीत ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ ही त्यांची घोषणा होती. वर्णद्वेष केवळ दक्षिणेत होता आणि आपण कॅथोलिक त्यापासून मुक्त होतो, असे म्हणावयास म्हणूनच आमची जीभ रेटत नाही. कुहारिच ज्या नोत्र दामचे विद्यार्थी, तेथेही १९४४ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. परमेश्वराच्या मंदिरात सर्व लेकरे समान, असे शिकविणाऱ्यांच्याच वर्गांत ही स्थिती होती.

आणि म्हणूनच ९ जानेवारी २०२५ ची रात्र आम्हांला महत्त्वाची वाटते. त्या मोसमात नोत्र दामचा संघ सुरुवातीलाच घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉय या बिनमानांकित संघाकडून १४–१६ असा हरला होता. त्यानंतर त्याने सलग दहा सामने जिंकले आणि बारा संघांच्या बाद फेरीत प्रवेश केला. तेथे इंडियानाला २७–१७ आणि जॉर्जियाला २३–१० असे हरवून तो उपांत्य फेरीत आला. ती फेरी मायामीत होती, आणि तो सामना होता ऑरेंज बाऊल. समोर होते १९४६ साली मायामीला जाण्याचे नाकारणारे पेन स्टेट. दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय : पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन आणि नोत्र दामचे मार्कस फ्रीमन. फ्रीमन यांचे वडील कृष्णवर्णीय, आई कोरियन. २०२२ साली ते कॅथोलिक झाले. नोत्र दामने २७–२४ असा विजय मिळविला. विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. २० जानेवारी रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणदिनी आणि त्यांच्याच अटलांटा शहरात, ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४–२३ असे हरविले. चषक गेला. पण ज्या दारात दोघांना अडविले गेले होते, तेथून आता दोन्ही संघांचे सेनापती ताठ मानेने आत गेले होते.

वाचकहो, मॅटसन आणि टोलर यांच्या वाट्याला अपमान आला, तो त्यांनी मागितला नव्हता. विचार करावयाचा तो बाकीच्या गोऱ्या मुलांचा. त्यांच्यासाठी दार उघडे होते. दोघांना मागे ठेवले असते तरी कोणी त्यांना गुन्हेगार म्हटले नसते. ‘जगरहाटी आहे’ एवढेच म्हटले असते. संत पौलाने ख्रिस्तसभेला एका देहाची उपमा दिली आहे. त्या मुलांनी ती उपमा कितपत वाचली होती कोण जाणे. पण आपलाच हात तोडून मेजवानीला जाता येत नाही, एवढे त्यांना कळले होते.

आपल्याही धर्मग्रामांत संघ निवडले जातात, समित्या नेमल्या जातात, सोयरिकी जुळतात. अमक्या पाड्याचा नको, तमक्या जातीचा नको, असे तेथे कोणी मोठ्याने म्हणत नाही. कानाशी लागून मात्र म्हटले जाते. अशा वेळी ज्याला वगळले जात आहे त्याने निषेध करावा, अशी आपण वाट पाहत बसतो. निषेध करावयाचा असतो तो ज्याची निवड झाली आहे त्याने.