भट्टी नसलेले घर

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. जिथे हिवाळाभर घर तापवावेच लागते, तिथे याचा चटका थेट घरखर्चाला बसला. कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतात कडाक्याच्या थंडीत पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. तेथील प्रांत सरकारने संशोधकांना सांगितले, आपल्या हवामानाला साजेसे सौरघर बांधून दाखवा.

हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिशेब मांडला. ५० उत्तर अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्यही क्षितिजापासून फारसा वर येत नाही. म्हणजे उष्णतेची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ऊन सर्वांत कमी! मग त्यांनी घरातली उष्णता जाते कुठून, याचाच शोध घेतला. थर्मासमधला चहा तासन्‌तास गरम राहतो, तिथे कुठे शेगडी असते?

१९७७ साली रेजायना शहरात हे घर उभे राहिले. भिंती सुमारे ३० सेंटीमीटर जाड, उष्णतारोधक द्रव्य भरलेल्या; छतावर त्याहून जाड थर; मोठ्या खिडक्या दक्षिणेला. फटींतून निसटणारी हवा पुष्कळ उष्णता घेऊन जाते, म्हणून भिंतींत प्लॅस्टिकचा अखंड पडदा घातला. फटी शोधायची ऑर यांची रीतही सोपी होती. दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची. जिथे फट असेल तिथे आत येणारा झोत हाताला लागतो.

पण अशा हवाबंद घरात माणसांनी श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी उष्णता-विनिमयक बसवला. बाहेर जाणारी उबदार, शिळी हवा आणि आत येणारी गार, ताजी हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात. हवा मिसळत नाही, उष्णता तेवढी पलीकडे जाते. या घरातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग हाच.

तिथल्या घरांत असते तशी भट्टी येथे नव्हतीच. सौर संकलक मात्र होते; सरकारने मागितले होते सौरघर! ते महाग आणि कटकटीचे ठरले व पुढे काढून टाकण्यात आले. भिंतींतले साधे भरण आपले काम करतच राहिले.

१९८० च्या दशकात तेल स्वस्त झाले आणि कॅनडात या घराचा फारसा बोलबाला उरला नाही. जर्मनीत वोल्फगांग फाइस्ट यांनी मात्र अशा प्रयोगांचा अभ्यास केला. १९९१ साली डार्मस्टाट येथे त्यांच्या चार जोडघरांत लोक राहायला आले. ती उबदार ठेवायला नेहमीच्या घराच्या सुमारे एक-दशांश ऊर्जा पुरली.